वायरमन, प्लंबर, बांधकाम ठेकेदार: महाराष्ट्रात कोणाला सरकारी परवाना लागतो आणि तो कसा तपासायचा?

घर बांधायचं असो, जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलायचं असो की पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवायचा असो, आपण कामाचा माणूस बहुतेक वेळा ओळखीतून शोधतो. एखाद्यानं धीर करून "लायसन्स आहे का?" असं विचारलंच, तर समोरून काहीतरी कार्ड नक्की निघतं. ते कार्ड बांधकाम कामगाराचं असतं, आयटीआयचं प्रमाणपत्र असतं, जीएसटीची प्रिंट असते किंवा "गव्हर्नमेंट कॉन्ट्रॅक्टर" असं छापलेलं व्हिजिटिंग कार्ड असतं. आपण ते पाहून मान डोलावतो आणि काम सुरू होतं.

गंमत अशी की यातल्या एकाही कागदाचा अर्थ "या माणसाला तुमच्या घराचं वायरिंग करायची परवानगी आहे" असा होत नाही. मग कोणत्या कामाला कोणता परवाना लागतो, तो कोण देतं, आणि कोणत्या कामाला मुळात परवानाच नाही, हे या लेखात सविस्तर पाहूया.

आधी थोडक्यात उत्तर

- विजेचं काम: राज्य सरकारचा परवाना बंधनकारक.
- लिफ्ट: सरकारी परवानगी आणि अधिकृत ठेकेदार, दोन्ही बंधनकारक.
- इमारतीतली अग्निशमन यंत्रणा: परवानाधारक संस्थेचंच प्रमाणपत्र चालतं.
- नळजोडणी व ड्रेनेज: मोठ्या शहरांत महानगरपालिकेचा परवानाधारक प्लंबर.
- नकाशा, स्ट्रक्चरल डिझाइन, देखरेख: आर्किटेक्ट किंवा परवानाधारक तांत्रिक व्यक्ती.
- खासगी घर बांधणारा ठेकेदार, गवंडी, सुतार, फरशीवाला, रंगारी: कौशल्याचा वेगळा राज्य परवाना नाही.

शेवटची ओळ वाचून आश्चर्य वाटलं ना? त्याकडे पुढे येऊच.

परवाना, प्रमाणपत्र आणि नोंदणी: तिन्ही वेगळे

हा फरक समजला की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

*प्रमाणपत्र* सांगतं की माणूस काय शिकला. आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्री म्हणजे वायरमन हा ट्रेड दोन वर्षांचा असतो. पास झाल्यावर राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र मिळतं. नोकरीसाठी ते मोलाचं आहे, पण लोकांच्या घरी स्वतंत्रपणे वायरिंगची कामं घ्यायला ते पुरेसं नाही.

*नोंदणी* सांगते की माणसाचं किंवा संस्थेचं नाव सरकारच्या एखाद्या यादीत आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड हे याचं उत्तम उदाहरण. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, या अटींवर ते मिळतं. ते कामगाराच्या कल्याणकारी योजनांसाठी आहे. त्यात कौशल्याची कुठलीही परीक्षा नाही.

*परवाना* मात्र सांगतो की हे काम करायची कायदेशीर मुभा या माणसाला आहे, आणि काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची हे ठरलेलं आहे. परवान्याचा खरा अर्थ हाच: कामाच्या कागदावर एका जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर.

विजेचं काम: नियम काय सांगतो?

वीज सुरक्षेचे नियम केंद्र सरकारच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत. आधी १९५६ चे भारतीय वीज नियम होते, मग २०१० चे सुरक्षा विनियम आले, आणि आता २०२३ चे विनियम लागू आहेत. नावं बदलली, पण एक मूळ अट कायम राहिली. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम तीन गोष्टी जुळल्या तरच करता येतं:

१. काम घेणारा राज्य सरकारचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार असावा.
२. कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची, म्हणजे सुपरवायझरची थेट देखरेख असावी.
३. प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनकडे राज्य सरकारनं दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा.

म्हणजे एक नव्हे, तीन वेगवेगळे कागद. छोट्या कामात ठेकेदार आणि सुपरवायझर एकच व्यक्ती असू शकते, पण तिन्ही भूमिका कागदावर असाव्याच लागतात.

मग बल्ब बदलायलाही ठेकेदार बोलवायचा का? नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला सूट आहे. पण एक अट आहे: त्या बदलामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. ही अट नीट लक्षात ठेवा, कारण आजकाल घराघरांत होणारी कामं नेमकी हीच रेषा ओलांडतात.

उदाहरण घ्या. जुना पंखा काढून नवा लावला, तर क्षमता बदलत नाही. पण ७.४ किलोवॅटचा ईव्ही चार्जर २३० व्होल्टवर साधारण ३२ अँपिअर ओढतो, आणि तोही काही तास सलग. घरातला साधा १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याची वायर यासाठी बनलेलीच नसते. त्याला स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची वायर, वेगळा ब्रेकर आणि चांगलं अर्थिंग लागतं. हे "सॉकेट बदलणं" नाही, हे नवीन विद्युत काम आहे. एसीसाठी नवी लाइन ओढणं, गीझरचा पॉइंट काढणं, इन्व्हर्टर मुख्य बोर्डाला जोडणं, छतावर सोलर बसवणं, ही सगळी कामं याच गटात येतात.

महाराष्ट्रात हे परवाने कोण देतं?

राज्याच्या ऊर्जा विभागाखाली मुख्य विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे, आणि त्याच्याशी जोडलेलं अनुज्ञापक मंडळ हे परवाने देतं. महावितरण हे परवाने देत नाही. हा गैरसमज खूप ठिकाणी दिसतो. महावितरण वीज पुरवते, परवाना सरकार देतं.

नव्या मुलांसाठी रस्ता साधारण असा आहे:

- वायरमन: आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड हा सरळ रस्ता. त्यानंतर अप्रेंटिसशिप केली तर अनुभवाचा कागदही हातात येतो.
- सुपरवायझर: इलेक्ट्रिकल डिप्लोमा किंवा पदवी आणि अनुभव, किंवा वायरमन म्हणून अनुभव घेऊन पुढची पात्रता.
- ठेकेदार: स्वतःकडे किंवा नोकरीला असलेला पात्र सुपरवायझर, परवानाधारक वायरमन, कामाचा पत्ता आणि तपासणीची उपकरणं. यात इन्सुलेशन तपासायचा मेगर आणि अर्थिंग तपासायचा अर्थ टेस्टर महत्त्वाचे.

परवान्याला मुदत असते आणि ती संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. शुल्क आणि अनुभवाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी विद्युत निरीक्षक कार्यालयाची चालू सूचना वाचा. एजंटला पैसे देण्याआधी तर नक्कीच वाचा.

आणखी एक गोष्ट. परवाना राज्याचा असतो. कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गचा वायरमन बेळगावात किंवा गोव्यात काम घेणार असेल, तर त्याचा परवाना त्या राज्यानं मान्य केलेला आहे का, हे आधी विचारून घ्यायला हवं.

टेस्ट रिपोर्ट: सगळ्यात दुर्लक्षित कागद

नवीन वीजजोडणी घेताना अर्जासोबत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. लोकांना वाटतं ही एक सरकारी औपचारिकता. प्रत्यक्षात हा रिपोर्ट म्हणजे "मी हे वायरिंग तपासलं, ते सुरक्षित आहे" असं ठेकेदारानं सहीनिशी सांगणं.

तपासायचं काय असतं?

- इन्सुलेशन: मेगरनं ५०० व्होल्ट डीसी दाब देऊन पाहतात. घरगुती वायरिंगचा रोध किमान १ मेगाओहम हवा. कमी आला तर कुठेतरी वायर सोललेली आहे किंवा ओल शिरली आहे.
- अर्थिंग: मीटर लावून मोजायचं. तिसरी पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे.
- पोलॅरिटी: स्विच फेजवर हवा, न्यूट्रलवर नको. उलटं असेल तर स्विच बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो.
- आरसीसीबी: करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला तर क्षणात पुरवठा तोडणारं उपकरण. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं वापरतात. त्यावरचं टेस्ट बटण दाबलं की ते पडायला हवं.

आता कटू भाग. अनेक ठिकाणी वायरिंग करतो एक, आणि टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का येतो दुसऱ्याचा, ज्यानं ते घर पाहिलेलंही नसतं. पाचशे-हजार रुपयांत कागद मिळतो, जोडणी होते, सगळे खूश. पण या व्यवहारात मेगर कुणीच लावलेला नसतो. आपण परवाना विकत घेतला असं वाटतं. खरं तर विकत घेतलेली असते फक्त न झालेली तपासणी.

विजेचा अपघात झाला तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली चौकशी होऊ शकते, आणि ती विद्युत निरीक्षक करतो. त्या वेळी हे काम कोणी केलं, कोणाच्या देखरेखीखाली केलं, कागद कुठे आहे, हे प्रश्न येणारच. सही देणाऱ्या ठेकेदाराचा परवाना तेव्हा अडचणीत येतो. आणि ज्या विनापरवाना मुलानं इमानेइतबारे काम केलं, त्याच्याकडे बचावाला काहीच नसतं.

म्हणून साधा नियम: टेस्ट रिपोर्ट घेताना आकडे विचारा. "मेगरला किती आलं? अर्थिंग किती आलं?" ज्यानं मोजलंय तो लगेच सांगेल.

लिफ्ट आणि अग्निशमन: सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी वाचावं असं

लिफ्टसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. १९३९ च्या जुन्या मुंबई लिफ्ट कायद्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानं घेतली, आणि त्यात एस्कलेटर व सरकते मार्गही आले. सरकारी मराठीत लिफ्टला "उद्वाहन" म्हणतात, म्हणून कागदावर हा शब्द दिसला तर गोंधळू नका. लिफ्ट उभारायला आणि चालवायला परवानगी लागते, आणि काम अधिकृत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. वार्षिक देखभालीचा करार स्वस्त मिळतोय म्हणून कोणालाही देण्याआधी त्याचं अधिकारपत्र पाहा.

अग्निशमनासाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, तिथे यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक संस्था "फॉर्म ए" देते. पुढे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा "फॉर्म बी" सादर करायचा असतो. हाही सही करून मोकळं व्हायचा कागद नाही. पंप चालू करून, होजला पाणी येतंय का हे समोर उभं राहून पाहा, मगच फॉर्म घ्या.

प्लंबर

प्लंबरसाठी राज्यभर लागू असा एकच परवाना नाही. मुंबई, पुण्यासारख्या महानगरपालिका स्वतःचे परवानाधारक प्लंबर ठेवतात, आणि नवीन नळजोडणी किंवा ड्रेनेज जोडणीचा अर्ज त्यांच्यामार्फत जातो. गळका नळ दुरुस्त करायला हा परवाना लागत नाही. पालिकेच्या लाइनला हात लावायचा असेल तर लागतो. नाव यादीत आहे का, हे वॉर्ड कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात विचारता येतं.

आता मुख्य प्रश्न: घर बांधणाऱ्या ठेकेदाराचं काय?

तुमचं तीस-चाळीस लाखांचं घर जो बांधतो, त्याला खासगी काम घ्यायला कौशल्याचा राज्य परवाना लागत नाही. कायद्यानं जबाबदारी वेगळ्या माणसांवर टाकली आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यात २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात आर्किटेक्ट, परवानाधारक अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांची पात्रता आणि कर्तव्यं दिली आहेत. आर्किटेक्टची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली होते. म्हणजे सरकारच्या दृष्टीनं तुमच्या घराचा जबाबदार माणूस नकाशावर सही करणारा आहे, सळई बांधणारा नाही.

मग "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर" ही पाटी? ती बहुतेक वेळा सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी असते. तिचे वर्ग असतात आणि वर्गानुसार किती रकमेच्या सरकारी निविदा भरता येतील हे ठरतं. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांची नोंदणी वेगळी. ही नोंदणी सरकारी टेंडरसाठी आहे. ठेकेदाराची आर्थिक ताकद आणि अनुभव यांचा तिच्यावरून अंदाज येतो, पण तुमच्या घराच्या दर्जाची ती हमी नाही.

आणि रेरा? रेराचा नंबर प्रकल्पाचा असतो. बिल्डरकडून फ्लॅट घेतला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचे असतात. पण स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतलं तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही "सेवा" मानली आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. पण तिथे पुरावा लागतो, आणि तोंडी व्यवहारात तो नसतो.

इतर ठिकाणी कसं असतं?

तुलनेसाठी अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य पाहा. तिथे १९२९ पासून ठेकेदारांसाठी वेगळं परवाना मंडळ आहे. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी आणि साहित्य मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतो; आधी ही मर्यादा ५०० डॉलर होती. परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचा बाँड लागतो. विनापरवाना काम केलं तर ठेकेदाराला कोर्टात पैसे मागता येत नाहीत, उलट ग्राहक दिलेले पैसे परत मागू शकतो. त्याच देशातल्या टेक्सासमध्ये मात्र सर्वसाधारण बांधकाम ठेकेदाराला राज्याचा परवाना नाही. पण इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला आहे. म्हणजे आपली पद्धत टेक्सासच्या जवळची. जिथे परवाना नाही, तिथे करारच तुमचं संरक्षण.

ठेकेदाराशी करारात काय लिहून घ्यावं?

- काम मजुरीवर आहे की साहित्यासह, आणि दर कशावर: बांधकामाच्या चौरस फुटावर की कामाच्या बाबींवर.
- सिमेंट, सळई, वायर यांचा ब्रँड आणि ग्रेड.
- हप्ते टप्प्यानुसार: जोतं, स्लॅब, प्लास्टर, फिनिशिंग. काम पुढे आणि पैसे मागे, हाच क्रम ठेवा.
- शेवटची काही रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायची तरतूद. गळती पावसातच कळते.
- विजेचं काम परवानाधारक ठेकेदारच करेल आणि टेस्ट रिपोर्टची प्रत मालकाला मिळेल, असं स्पष्ट वाक्य.
- स्लॅब भरण्याआधी सळई कोण तपासणार, त्या अभियंत्याचं नाव.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलरचा व्हेंडर सरकारी पोर्टलवर आहे, मग वेगळा परवाना कशाला?
पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि त्यासाठी व्हेंडर नोंदणीकृत हवा. ती नोंदणी अनुदानासाठी आहे. वायरिंगच्या कामाला विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतोच. व्हेंडरकडे दोन्ही मागा.

आमचा वायरमन वीस वर्षं काम करतो, हात उत्तम आहे, पण परवाना नाही. त्याला काढायचं का?
काढायची गरज नाही. पण विजेच्या कामाला प्रत्यक्ष हात परवाना असलेल्या वायरमननंच लावायचा असतो, फक्त ठेकेदार आणि सुपरवायझर परवानाधारक असून भागत नाही; म्हणून परवाना मिळेपर्यंत त्याला मदतनीस म्हणूनच ठेवा आणि स्वतःचा परवाना काढायला प्रोत्साहन द्या. परवाना मिळाला की तो स्वतःच्या नावावर पुढे जाऊ शकतो. आज त्याच्या कामावर दुसऱ्याचा शिक्का बसतो आणि पैसेही दुसराच घेतो.

परवाना खरा आहे हे कसं ओळखायचं?
चार गोष्टी पाहा: नंबर, नाव, मुदत आणि कामाचा प्रकार. फोटो काढून ठेवा. शंका असेल तर त्या जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात नंबर सांगून विचारा. खऱ्या ठेकेदाराला या प्रश्नाचा राग येत नाही.

शेवटी

पुढच्या वेळी कामाचा माणूस बोलवाल तेव्हा "लायसन्स आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. "कोणत्या कामाचं, कोणी दिलेलं आणि कधीपर्यंतचं?" हे विचारा. विजेचं काम असेल तर "मोजलं कोणी?" हेही विचारा. तुमच्या घरी काम सुरू व्हायचं असेल किंवा ओळखीतला एखादा मुलगा आयटीआयनंतर काय करावं या विचारात असेल, तर हा लेख त्याला जरूर पाठवा. काही प्रश्न असतील तर कमेंटमध्ये विचारा.